सतवंतशिवाय गुरुपुरब

प्रिय सतवंत,

काल गुरुनानक जयंती झाली. तू बोईसर सोडल्यानंतरची पहिलीच. पहाटे प्रभातफेरी आमच्या गल्लीतून गेली. ढोलकी, चिमटे, बायकांचा तो एका सुरातला आवाज. मी जागीच होते, खिडकीशी उभी राहिले, पण खाली उतरवेना. तू असतीस तर खालूनच ओरडली असतीस, "नलू, सगळं बोईसर उठलं, तुझं काय!"

शेवटी डोक्यावर ओढणी घेऊन गुरुद्वाऱ्यात गेले. अखंड पाठाची नुकतीच समाप्ती झाली होती. मत्था टेकला, ओंजळीत कडाहप्रसाद घेतला. गरम होता, तूप बोटांवरून ओघळलं. मग सवयीने पाय स्वयंपाकघराकडे वळले. सगळे चेहरे नवे गं. एमआयडीसीत नव्याने आलेल्यांच्या बायका. मी पोळपाट पुढे ओढला तर एक गोड पोरगी लगबगीने आली, "आंटीजी, आप रहने दो. आप तो मेहमान हो." प्रेमानेच म्हणाली. पण इतकी वर्षं तुझ्या मांडीला मांडी लावून लंगरच्या रोट्या लाटल्या आणि काल मी पाहुणी झाले. हे गेले तेव्हाही घरात इतकं परकं वाटलं नव्हतं, कारण तेव्हा तू होतीस.

पंगतीत शेजारी जमुना बसली होती, मनोरहून भाजी घेऊन येते ती. म्हणाली, "तुमची सरदारीण नाय दिसत? बरी हाय ना?" मी म्हटलं, "लेकाकडे पंजाबला गेलीय. येईल." तेवढ्यात डाळवाला समोर आला, बरं झालं. जेवण झाल्यावर घरी जाववेना. भांडी घासणाऱ्यांत जाऊन उभी राहिले. तिथे कुणी काही विचारलं नाही, थाळ्या तेवढ्या हातात देत राहिले. ऊन उतरेपर्यंत घासत होते.

हे सगळं इतकं सविस्तर का लिहितेय, सांगते. गेल्या आठवड्यात तुझ्या जगदीपचा फोन आला होता. म्हणाला, "मावशी, आई आता मला ओळखत नाही. सुनेशी, नातवंडांशी, सगळ्यांशी मराठीतच बोलते. त्यांना कळत नाही. संध्याकाळी आवरून दाराशी बसते आणि विचारते, नलू कशी आली नाही अजून?" तो बोईसरच्याच शाळेत शिकलेला, तोच तुला हे वाचून दाखवेल. दिवसभर तुझ्या कानावर निदान एवढं तरी मराठी पडावं. पुढच्या महिन्यात तो मला न्यायला येतोय. मी समोर आले की ओळखशील, की मलाच विचारशील नलू कुठे आहे म्हणून, ठाऊक नाही. विचारलंस तर सांगेन, "येतेय गं ती. तोवर मी बसते तुझ्याजवळ."

तुझीच,
नलू