शांत सरांचा वाद्यवर्ग

२ जून, सकाळी
देवाला हात जोडून संकल्प केला. वस्तीच्या हॉलमध्ये आजपासून तरुण मुलांचा वाद्यवर्ग. मुले मारामारीला चटावलेली आहेत. संगीताने त्यांच्यातली हिंसा काढायची. त्यासाठी शिक्षक शांत हवा, आणि तो मी आहे. गावच्या शाळेत गुरुजींनी माझी बासरी गुडघ्यावर मोडून तिच्याच तुकड्याने मला बडवले. पण मनात काही नाही. तो मंगळवार मी केव्हाच विसरलो.

हॉलच्या सेक्रेटरीबाई म्हणाल्या, आधीचे सर हात उचलायचे म्हणून काढले, एवढे ध्यानात ठेवा. मी नुसता हसलो. बाईंना माणसाची पारख नाही.

संध्याकाळी
कीबोर्डवाल्याने गिटारवाल्याला त्याच्याच गिटारने हाणले. ड्रमवाली सोडवायला गेली, म्हणजे दोघांनाही मारायला. तिचा ओठ फुटला, त्यांची नाके. मी प्रेमाने मध्ये पडलो. टेबलावर मूठ आपटून नालायकांनो, म्हणालो. सगळे टुणकन जागेवर बसले आणि एकदम वाजवू लागले. अगदी समेवर! शांतपणाचा असा परिणाम होतो.

९ जून
लाकडी पट्टी मोडली. जुनीच होती.

२३ जून
टेबलाचा पाय निखळला. सुताराने विचारले, एवढे आपटते कोण हो? म्हटले, मुले.

कीबोर्डवाल्याचा कान मी फक्त सुरात लावत होतो. त्याची आई भांडायला आली, भांडता भांडता तिनेच त्याला दोन ठेवून दिल्या. ते चालते. मला मात्र सेक्रेटरीबाईंनी बजावले: आता कुणावर, टेबलावरसुद्धा, हात उठला तर तुमचा वर्ग संपला.

 दिवसभर गोदामात खोकी उचलतो. तिथे मला 'ए' म्हणतात. 'सर' म्हणणारी जगात ही एवढीच पोरे.

३० जून
हात खिशात ठेवून शिकवले. हळूच एक-दोन-तीन-चार म्हटले. गिटार पुढे, ड्रम मागे, कीबोर्ड भलतीकडेच. ड्रमवाली म्हणाली, सर, आज टेबल नाही का ठोकणार? मग आम्ही सुरू कधी करायचं? विनोदी पोरगी आहे.

बायको म्हणाली, अहो, ती खरंच विचारत असेल. बायकोला संगीतातले कळत नाही. हे तिला शांतपणे सांगितले. कपाचा कान मागाहून सापडला.

७ जुलै, दवाखान्यातून
वर्गाचा पहिला कार्यक्रम झाला. हॉल भरलेला, सेक्रेटरीबाई पहिल्या रांगेत. मी देवाचे नाव घेऊन गोड आवाजात एक-दोन-तीन-चार म्हटले. कुणी हललेच नाही. पुन्हा म्हटले. पोरे माझ्या मुठीकडे बघत बसलेली. मागून कुणीतरी शिट्टी मारली. मूठ मी मांडीखाली दाबून धरली.

तेवढ्यात ड्रमवालीने नेम धरून काठी फेकली. माझ्या कपाळावर. रक्त आले. पुढचे नीटसे आठवत नाही. नालायकांनो, एवढे ऐकू आले, आणि टेबल दुभंगले. त्या क्षणी सगळी वाद्ये एकदम उठली. असे वाजवले, असे वाजवले की कीबोर्डवाल्याची आई रडली.

सेक्रेटरीबाई तेवढ्या हाताची घडी घालून बसल्या होत्या. माझे मनगट मोडले आहे.

९ जुलै
सेक्रेटरीबाईंचा निरोप: वर्ग चालू राहील, तुम्ही नाही. हसू आले. माझ्याशिवाय पोरे सुरू तरी कशी होणार? येतील आठवड्यात बोलवायला.

१२ जुलै
आठवडासुद्धा लागला नाही! तिघेही घरी केळी घेऊन आले. ड्रमवालीने कपाळ बघून सॉरी सर म्हटले. परत बोलावण्याची गोष्ट कुणी काढली नाही, लाजत असतील. निघताना गिटारवाला म्हणाला, सर, एकदा ओरडा ना, आठवण म्हणून. गहिवरून आले. प्लास्टरनेच टेबलावर ठोकून ओरडलो. दोन कप गेले. त्याने मोबाइल छातीशी का धरला होता, कोण जाणे.

१४ जुलै
गोदामात रजेचा अर्ज देऊन येताना हॉलवरून गेलो. आतून धाडकन आवाज, मागोमाग नालायकांनो, आणि वाद्ये एकदम उठली. समेवर. थांबली. पुन्हा तोच धाडकन, तेच नालायकांनो, पुन्हा समेवर.

शेजारी एक आजोबा थबकले. म्हणाले, कोण हो हा रानटी माणूस, पोरांवर असा खेकसतोय?

म्हटले, कल्पना नाही. नवे सर असतील. त्यांना कुणीतरी शांतपणे समजावायला हवे.