बावीस डिसेंबरची संक्रांत

अण्णा, आई आता डिसेंबरात तीळ भाजते. हे तुम्हाला कोणी सांगितलं असतं, तर चष्मा कपाळावर चढवून तुम्ही सांगणाऱ्याकडे नुसते बघत राहिला असतात. यंदाही तिने भाजले, काल, परळला माझ्या स्वयंपाकघरात, ओट्याशी स्टूल ओढून. मला गूळ चिरायला बसवलं आणि मध्येच एक प्रश्न विचारला. त्या प्रश्नामुळे हे लिहिते आहे, पण तो नीट सांगायचा तर आधी गिरगावातल्या आपल्या खोलीत जावं लागेल.

तुम्ही छापखान्यात पंचांगाची प्रुफं तपासायचात. तिथी, नक्षत्रं, आकड्यांचे रकानेच्या रकाने. आणि ज्या पंचांगातला एकेक आकडा तुम्ही बिनचूक करायचात, त्याची मोजणी मुळात चुकीच्या जागेपासून सुरू होते असं तुमचं ठाम मत होतं. पंचांग निरयन आणि तुम्ही सायनवाले. त्याच पंचांगात बावीस डिसेंबरपुढे ‘सायन मकर’ अशी बारीक टायपातली ओळ असायची. ती तुम्ही दोनदा तपासायचात. आई म्हणायची, “ज्याच्यावर घर चालतं त्यालाच नावं ठेवायची. धन्य आहे.” तुमचं उत्तर ठरलेलं होतं. “नावं ठेवत नाही. बरोबर छापतो.”

सूर्य उत्तरेकडे वळतो तो दिवस खरी मकर संक्रांत, म्हणून आपल्या घरात ती बावीस डिसेंबरला असायची, म्हणजे तुमची असायची. आई तीळगूळ जानेवारीतच करणार. मग तुम्ही आदल्या दिवशी तिळाच्या चिक्कीचा पुडा आणून ठेवायचात आणि सकाळी गॅलरीभर वाटत फिरायचात. शेजारच्या काकू हात पुढे करायच्या आणि बोलूनही घ्यायच्या. “अण्णा, तुमच्यावर संक्रांत दरवर्षी जरा लवकरच येते हो.”

“येऊ दे. गोड बोला.”

“ते आम्ही चौदा जानेवारीपासून. तोवर आहे तसंच चालू दे.”

सातवीत मी निबंधात लिहिलं की चौदा जानेवारीला उत्तरायण सुरू होते. बाईंनी पैकीच्या पैकी गुण दिले होते. तुम्ही ती वही हातात घेऊन दारात उभे आहात, अजून बाहेरचे कपडे न बदलता, आणि विचारता आहात, “हे बघून लिहिलंस, की सगळे म्हणतात म्हणून?” आवाज चढलेला नाही. रविवारी दुपारी तुम्ही मला दक्षिणेच्या खिडकीपाशी नेलंत. ऊन फरशीवर जिथवर आत आलं होतं तिथे खडूने रेघ मारलीत. मग रोज दुपारी रेघ मारायचं काम माझं झालं. आई फरशी पुसताना ती पुसून टाकायची, मी पुन्हा मारायची. बावीस डिसेंबरच्या आसपास ऊन पुढे यायचं थांबलं, काही दिवस हललंच नाही, आणि जानेवारीत आईने तीळगूळ वाटला त्या दिवशी ते पंजाभर मागे गेलेलं होतं. म्हणजे सूर्य कधीचाच वळला होता.

त्या रात्री जेवताना तुम्ही ताट माझ्यापुढे सरकवलंत. हे आकाशातलं सूर्याच्या वाटेचं वर्तुळ. राशी म्हणजे त्याचे बारा सारखे भाग, त्याबद्दल कोणाचा वाद नाही. वाद पहिला भाग कुठून धरायचा याचा. सायनवाले धरतात मार्चमध्ये दिवस आणि रात्र सारखे होतात त्या बिंदूपासून. निरयनवाले धरतात ताऱ्यांमधल्या ठरलेल्या जागेपासून. तो बिंदू ताऱ्यांमधून हळूहळू मागे सरकतो, बहात्तर वर्षांत साधारण एक अंश. कधीकाळी दोन्ही सुरुवाती एकाच जागी होत्या, तेव्हा संक्रांत आणि उत्तरायण एकाच दिवशी यायची. “आता चोवीस अंशांचं अंतर पडलंय,” तुम्ही म्हणालात.

“आणि वरण गार पडलंय,” आई म्हणाली.

आज मला वाटतं, चूक कोणाचीच नव्हती. पंचांगवाले तारे मोजत होते, तुम्ही ऊन. पण हे तुमच्यासमोर म्हणण्याइतकी मोठी मी झाले नव्हते.

तुम्ही गेलात तेही बावीस डिसेंबरला, पहाटे. मी कॉलेजात होते. चिक्कीचा पुडा फडताळावर तसाच होता. दुपारी बायका भेटायला आल्या. उत्तरायणात मरण आलं तर चांगली गती मिळते असं आपल्याकडे धरतात, आणि काकू तेच बोलल्या, वाईट मनाने नव्हे, हळहळून. “तीनेक आठवडे काढले असते गं, तर उत्तरायण मिळालं असतं.”

आई भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, “त्यांचं लागलं होतं. आजच लागलं.”

मला ते दुःखातलं बोलणं वाटलं. पण पुढच्या वर्षी बावीस डिसेंबरला तिने स्वतः तीळगूळ केला आणि गॅलरीभर वाटला. “घे,” काकूंना म्हणाली, “आमच्याकडची आज आहे.” जानेवारीतल्या हळदीकुंकवाला तिला बोलावणं यायचं बंद झालं होतं. तुमच्या संक्रांतीला कोणी कोणाला बोलवायचं याचे नियम नव्हते, कारण ती दुसरं कोणी करतच नव्हतं. तिने ती तुमच्यासाठी धरली की स्वतःसाठी, हे मी विचारलं नाही. दोन्ही असू शकतं. चाळ पाडली, ती माझ्याकडे राहायला आली, तरी तिने मोडलं नाही. इथे समोरच्या टॉवरमुळे हिवाळ्यात फरशीवर ऊन येत नाही.

गेल्या आठवड्यात लोअर परळच्या ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या मुलीने विचारलं, “मॅम, तुम्ही लिओ ना?” माझा जन्म ऑगस्टच्या सुरुवातीचा. तिच्या राशिभविष्याच्या ॲपमध्ये माझा सूर्य सिंहेत, तुमच्या छापखान्यातल्या पंचांगात कर्केत. मी तिला ताटाचं उदाहरण सांगितलं. तिने मन लावून ऐकलं आणि म्हणाली, “मग तुम्ही नक्की कोण?” मी हसले. ती गेल्यावर स्क्रीनवर सूर्य वळायच्या वेळा शोधता शोधता मी तुम्ही गेलात ते वर्ष टाकलं. इतक्या वर्षांत कधी टाकलं नव्हतं. त्या वर्षी सूर्य वळला तो बावीसलाच, पण दुपारी.

म्हणजे तुमच्या हिशेबानेही तुम्ही दक्षिणायनात गेलात. काही तासांनी हुकलं. मरणाची गती अयनावर ठरते असं मी मानत नाही, आणि तुम्हीही मानत नसावात. तरी मी स्क्रीन बंद करून पुन्हा उघडली आणि आकडा पुन्हा वाचला.

आणि काल आईने परातीला तूप लावता लावता विचारलं, “तू तरी कधी बघितलंयस का गं? ते गेले तेव्हा लागलं होतं ना नक्की?”

“हो,” मी म्हणाले. “लागलं होतं.”

“मला ठाऊक होतं,” ती म्हणाली, आणि तीळ पाकात ओतले.

हे पान वहीतच राहील. आई माझी वही उघडत नाही. फक्त सातवीतल्या निबंधावरचा तुमचा प्रश्न मला दिवसभर ऐकू येतो आहे, त्याच न चढलेल्या आवाजात, आणि त्याचं उत्तर दुसऱ्या कोणाला देता येत नाही. बघून म्हणाले, अण्णा.