गुंडूचा पहिला भात

मेलवीथी, तंजावूर
जून १९५८

प्रिय कृष्णवेणी,

अनेक आशीर्वाद.

तुझं कार्ड पोचलं. गुंडूला न्यायला तुम्ही दोघं शुक्रवारी येणार हे वाचून मी लगबगीनं त्याची झबली धुवायला काढली, मग ती धुतलेलीच आहेत हे लक्षात आलं. माझं डोकं सध्या असंच चालतं. कल्याणरामांनी पुन्हा लग्न करावं असं मीच म्हटलं होतं. माझी मंगला बाळंतपणात गेली; बाप मद्रासला आणि लेकरू आजीपाशी, असं किती दिवस चालायचं? तरी शुक्रवार इतक्यात यायला नको होता.

तू विचारलंस, एवढ्याशा पोराला मसाला चालतो का, शेजारणी घाबरवतात म्हणून. अगं, मसाला म्हणजे सांबारपूड नव्हे. भात चांगला गुरगुट्या शिजव, बोटानं चिरडून बघ, वर साजूक तूप. त्यात भाजलेल्या जिऱ्याची वस्त्रगाळ पूड, चिमटीला लागेल तेवढीच. ती मानवली की काही दिवसांनी वेलदोडा, पुढे कधीतरी सहाणेवर जायफळाचा नुसता एक वेढा. सगळं एकदम घातलंस तर कशानं पोट बिघडलं ते कळायचं नाही. मिरे आणि मिरची मात्र लांबच. आमच्या शेजारच्या धनलक्ष्मीनं नातवाला पहिल्याच दिवशी रसम पाजलं होतं. त्याचं रडणं गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येत होतं.

जिरं भाजायला लागले की गुंडू स्वयंपाकघराकडे मान वळवतो. मंगलाचे दिवस भरत आले तेव्हा तिला त्याच वासानं बरं वाटायचं, तिथेच पाट टाकून बसून राहायची. तिच्या पोराला पहिला घास आपण भरवावा असं मला फार वाटत होतं. चांदीची वाटीसुद्धा घासून ठेवली होती.

सहाव्या महिन्यात उष्टावण व्हायला हवं होतं. मी होऊ दिलं नाही. मुलाला सम महिना लागतो, म्हणजे आता आठवा उजाडला. पोर नुसत्या दुधावर आणि नाचणीच्या कंजीवर वाळतंय असं धनलक्ष्मी रोज ऐकवते. वाळलंय बिळलंय काही नाही, उचलशील तेव्हा तुझे हात सांगतील. पहिला घास आईच्या हातचा असावा म्हणून मी थांबले. दुसरेपणावर आलेली मुलगी आपल्यात पहिलीच्या माहेरची लेक होते, म्हणजे माझा गुरुराज तुझाही भाऊच. शनिवारी गुंडू मामाच्या मांडीवर बसेल, भात मी शिजवीन, भरवशील तू.

कार्डाच्या शेवटी लिहिलंस, की तो रुळेपर्यंत चार महिने आमच्याकडे येऊन राहा. तुझं मन मोठं आहे, बाळ. पण मी येणार नाही. मी तिथे असले तर रडताना तो माझ्याकडेच झेपावेल, आणि तू वाटी धरून नुसती उभी राहशील. सुरुवातीला तो तुझ्या हातून खाणार नाही, तोंड फिरवेल, मला शोधेल. तेव्हा मला कळवू नकोस. कळलं तर मी मिळेल त्या गाडीनं निघून येईन. हे तुझ्या तोंडावर बोलायचा धीर मला होणार नाही, म्हणून लिहिलं.

तुझीच,
आई