एकशे वीस पिशव्या

दि. १४ मार्च, शनिवार

प्रिय मास्तरीणबाई,

कशी आहेस? शाळा काय म्हणतेय? पोरं ऐकतात का, की ओरडून ओरडून तुझाच घसा बसतो? आई बरी आहे. तुझी आठवण काढते आणि मग माझ्याकडे अशी बघते की मी उठून भांडी घासायला लागते.

दीड वर्षात तुला एक ओळ लिहिली नाही. वेळ नव्हता असं लिहिणार होते, पण तू हसशील.

अर्ज करता करता माझ्या नाकी नऊ आले. परागीभवनातली पीएचडी म्हणजे जागा मोजक्या आणि अटी चाळीस. एकीकडे मधमाश्यांवर काम केलेली मुलगी हवी होती, मी पतंगांवर केलेलं. दुसरीकडे पतंगच हवे होते, तर म्हणे संगणकावरचा अनुभव कमी पडतो. तिसऱ्यांनी विचारलं, उन्हात बसून फुलं मोजायची तयारी आहे का? सहा वर्षं मी काय सावलीत पत्ते पिसत होते? चौथ्यांनी उत्तरच दिलं नाही. पाचव्या मुलाखतीत समोरच्या एका गृहस्थांचा डोळा लागला, आणि त्यांनीच मला सर्वांत कमी गुण दिले.

सहाव्या ठिकाणी माझी निवड झाली. चार वर्षांची शिष्यवृत्ती आणि खिडकीजवळचं टेबल. आईने शेजारच्या काकूंना सांगितलं, मुलगी डॉक्टर होणार, तर त्या दुसऱ्या दिवशी कंबर दाखवायला आल्या.

अभिनंदन करू नकोस. आधी पुढचं वाच.

मुलाखतीत एका बाईंनी विचारलं, "फिल्डवर झालेली एखादी चूक सांगा, आणि त्यातून काय शिकलात तेही." मी तोंड वर करून सांगितलं, की माझ्या एका सहकारी मुलीने पिशव्या सैल बांधल्या होत्या, म्हणून आमचा अख्खा हंगाम फुकट गेला. तेव्हापासून मी प्रत्येक गाठ दोनदा तपासते. त्यांनी मान डोलावली आणि काहीतरी लिहून घेतलं. बहुतेक तिथेच माझी निवड झाली.

तुझं नाव घेतलं नाही. एवढी मी सभ्य.

तो हंगाम तू विसरली नसशीलच. मलमलच्या एकशे वीस पिशव्या तू एकटीने कळ्यांवर बांधल्यास, आत कोणताही किडा जाऊ नये म्हणून. त्या फुलांना फळ धरायला नको होतं. सदतिसांना धरलं. आपल्या मार्गदर्शक सरांनी सगळ्यांसमोर तुला विचारलं, "गाठ मारता येत नाही का?" तू म्हणालीस, "सर, मी घट्ट बांधल्या होत्या." त्यांनी वही मिटली. शिफारसपत्र दिलं नाही, आणि त्या पत्रावाचून तुला कुणी दारात उभं केलं नाही. मी तुझ्या शेजारी उभी होते. मलाही तेव्हा वाटलं, की गाठी सैल असतील.

पुढच्या हंगामात पिशव्या मीच बांधल्या. नवव्या दिवशी, कळ्या उमलल्यावर पहिल्यांदाच, फुलं ताजी आहेत का बघायला एक पिशवी उघडली, तर आत मुंगी, बांधतानाच देठावर राहून गेलेली. मी खिशातला ब्रश काढला, मुंगी झटकली आणि पिशवी बांधणार तेवढ्यात ब्रशकडे लक्ष गेलं. केस पिवळे झाले होते. सकाळी त्याच ब्रशने मी शेजारच्या झाडांच्या फुलांवर हाताने पराग लावले होते.

हाताने पराग लावणं आणि पिशव्या उघडून बघणं, ही दोन्ही कामं आदल्या वर्षीही माझीच होती. ब्रशही एकच आणि मुंग्याही होत्याच. पराग घेऊन बाहेरून कोणताही किडा आत गेलाच नव्हता, बाई. मीच दर दोन दिवसांनी पिशवी उघडून पराग लावून येत होते.

ती पिशवी मी मोजणीतून वगळली आणि बाकीच्यांसाठी दुसरा ब्रश घेतला. त्या वर्षी उरलेल्या पिशव्यांतल्या एकाही फुलाला फळ धरलं नाही. सर म्हणाले, "बघा, याला म्हणतात गाठ." आणि मी "थँक्यू सर" म्हणाले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर चोराचा सत्कार झाला. हे सगळं मला वर्षभर ठाऊक आहे. अर्ज भरताना ठाऊक होतं, मुलाखतीतही ठाऊक होतं. मला ती जागा हवी होती, दुसरं काही कारण नाही.

परवा सरांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "झालं गेलं, आता कशाला उकरतेस? तुला जागा मिळाली ना?" मी म्हटलं, तिला पत्र तरी द्या. तर म्हणे, "ती शाळेत रमली असेल." इतका संताप आला की मी तशीच उठून बाहेर आले. आणि संताप तरी कुणाचा करू? गेलं वर्षभर मीही मनाशी हेच म्हणत होते.

काल मुलाखत घेणाऱ्या बाईंना सगळं लिहून पाठवलं. जागा बहुधा जाईल. आईला अजून सांगितलं नाही. वाईट वाटतंय, आणि तुला लिहिताना थोरपणाचा आव आणणार नाही: रात्रभर वाटत होतं, पाठवायला नको होतं.

त्यांची आणखी एक जागा निघाली आहे, शेवटची तारीख ३० एप्रिल. जाहिरात सोबत जोडली आहे. अर्ज कर किंवा फाडून टाक. मला माफ कर असं लिहीत नाही, ते मागायचा माझा हक्क नाही.

शिफारसपत्रावर माझ्या सहीला काडीची किंमत नाही, हे मला कळतं. तरी सोबत एक कागद आहे. त्यावर एवढंच लिहिलंय, की या मुलीने बांधलेल्या एकशे वीस पिशव्यांपैकी एकही सैल नव्हती, आणि हे मला ठाऊक आहे कारण त्या मी उघडत होते. खाली माझं पूर्ण नाव, सही आणि तारीख आहे. अर्जाला जोडायचा असेल तर जोड.

तुझ्या शेजारी गप्प उभी राहिलेली,
चिडकी