मार्गो डेलेनीचा खरा आवाज

१२ सप्टेंबर

सावनीने आज फोनवर ठरवूनच टाकलं – आमच्या घरातल्या सवतीला बाहेर काढायचं!

सवत म्हणजे मार्गो डेलेनी. हॉलिवूडच्या जुन्या नाचगाण्याच्या सिनेमांतली नटी आणि गायिका. बाईला जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण आमच्या अमेरिकेतल्या, पार्सिपनीच्या घराच्या बेसमेंटमध्ये तिच्या रेकॉर्डींनी भिंती अडवल्यात. ह्यांनी – म्हणजे आमच्या श्रीरंगरावांनी – एकेक करून आणलेल्या. सिनेमातली गाणी, रेडिओवरची गाणी, ख्रिसमसची गाणी, म्हातारपणी गायलेली गाणी. एक तर नुसत्या तालमीची आहे. तीत बाई मधेच खोकते. तो खोकलाही मला पाठ आहे.

रोज संध्याकाळी चहा झाला की हे एक रेकॉर्ड लावतात आणि मी समोरच्या खुर्चीत बसते. मटार सोलते, नाहीतर विणते. बाई शॅम्पेन आणि चांदण्याबद्दल गात असते आणि माझं लक्ष कुकरच्या शिट्ट्यांकडे.

आता नोव्हेंबरात कॉन्डोत, म्हणजे छोट्या फ्लॅटमध्ये, राहायला जायचं, सावनीच्या घराजवळ. तिथे बेसमेंट नाही. पोरगी म्हणाली, "आई, यू गाइज कॅन कीप टू बॉक्सेस. टू." मी लगेच हो म्हटलं. मनात तर लाडू फुटले!

पण ह्यांना सांगणार कोण? बायपास झाल्यापासून हे फारसे बोलत नाहीत. दिवसभरात रेकॉर्ड लावतात तेवढ्या वेळापुरतेच जरा खुलतात. तेच काढून घेतलं तर माणूस मिटून जाईल. भीती वाटते मला. खरंच वाटते.

१३ सप्टेंबर

सांगितलं नाही. साबुदाण्याची खिचडी केली.

१५ सप्टेंबर

आजही नाही! उलट संध्याकाळी बेसमेंटमध्ये बसल्या बसल्या जुनं सगळं आठवत राहिलं.

एकोणऐंशीचा जानेवारी. लग्न होऊन मी नुकतीच शिकागोला आले होते. डेव्हन ॲव्हेन्यूपासून थोडं लांब, तिसऱ्या मजल्यावरची अपार्टमेंट. खिडकीबाहेर बर्फ, बर्फ आणि बर्फ. मी दिवसभर रडायचे. ह्यांना बिचाऱ्यांना काही सुचेना. रडणाऱ्या बायकोचं काय करायचं, हे इंजिनियरिंगला शिकवत नाहीत.

आमच्या आधीचा भाडेकरू कपाटात एक रेकॉर्ड प्लेयर टाकून गेला होता. झाकणाची पेटी, सूटकेससारखी. आणि एकच रेकॉर्ड. कव्हर फाटकं, त्यावर पिवळ्या झग्यातली एक बाई जिन्यात उभी. ह्यांनी ती लावली. आणि काय सांगू – चिमणीच्या आवाजात, धापा टाकत, कुणीतरी पाठीस लागल्यासारखी ती बाई गायला लागली! मी रडता रडता थांबले आणि जे हसत सुटले! इतकं की पोटात दुखायला लागलं. ह्यांनी विचारलं, आवडलं का? म्हटलं, छान आहे.

तो अख्खा हिवाळा आम्ही रोज ते ऐकलं. मला वाटलं, अमेरिकेतल्या बायका अशाच गात असतील. नव्या देशाला नावं कशाला ठेवा!

मग मार्चमध्ये खालच्या मजल्यावरचे पुरुषोत्तम चहाला आले. त्यांनी ते ऐकलं, कप खाली ठेवला आणि प्लेयरचं वेगाचं बटण सरकवलं. बटण मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांवर होतं, रेकॉर्ड तेहतीसची. म्हणून इतके दिवस ती धावत होती. बटण सरकवल्याबरोबर मार्गो डेलेनीचा खरा आवाज आला. भारदस्त, संथ, दुधावरच्या सायीसारखा. पुरुषोत्तम म्हणाले, वा! हे म्हणाले, वा! मीही म्हटलं, छान आहे.

खरं सांगायचं तर मला जांभई आली होती. ती अजून येते आहे.

पण पुढच्या आठवड्यात हे तिची दुसरी रेकॉर्ड घेऊन आले. मग तिसरी. नवरा हौसेने काही आणतो आणि आपण तोंड वाकडं करायचं, हे आमच्या घरात कुणी केलं नव्हतं. दर वेळी म्हणत गेले – छान आहे.

२० सप्टेंबर

सांगितलं एकदाचं! पोहे वाढता वाढता. हे ढिम्म. म्हणाले, "बरं. देऊन टाकू." आणि पोह्यांवर लिंबू पिळलं.

एवढंच? मी दोन रात्री वाक्यं जुळवली होती!

२२ सप्टेंबर

माझं काहीच चुकत नसेल तर ह्यांचं काहीतरी नक्की चुकतंय. इतक्या सहज? विसरायला तर लागले नाहीत ना? काल दुपारी सहज विचारल्यासारखी माझ्या मावसभावांची नावं विचारली. धडाधड सांगितली, वर त्यांच्या सुनांचीही. मग म्हणाले, "तुला बरं वाटतंय ना? बीपी बघितलंस का?"

म्हणजे मी ह्यांच्यावर लक्ष ठेवून आणि हे माझ्यावर! सावनीला फोन केला तर म्हणाली, "आई, यू आर बोथ सो वीअर्ड."

५ ऑक्टोबर

आज जे झालं ते लिहायलाच हवं. हसू की रागावू, ठरलेलं नाही.

इथल्या मराठी मंडळातल्या चारुताची मुलगी प्रीता आली होती. पिस्कॅटवेला युनिव्हर्सिटीत जुन्या सिनेसंगीतावर संशोधन करते. सगळा संग्रह तिच्या डिपार्टमेंटला द्यायचं ठरलंय. पोरगी गुणाची. पांढरे हातमोजे घालून रेकॉर्ड उचलत होती. तालमीची ती खोकल्याची रेकॉर्ड बघून तर तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. मला आपलं उगीचच अपराधी वाटलं.

मग म्हणाली, "काकू, संग्रहाला नाव द्यायला लागेल. हूज कलेक्शन इज इट?"

मी म्हटलं, "काकांचं."

त्याच क्षणी पलीकडून हे म्हणाले, "नंदाचं."

मी वळून ह्यांच्याकडे बघितलं.

"अहो, माझं कसं? तुम्हीच तर आणत होतात."

"तुला आवडतात म्हणून."

"मला? मला कुठे आवडतात? तुम्हाला आवडतात म्हणून मी ऐकत होते."

हे चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिले. प्रीता एकदा ह्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे. शेवटी हळूच म्हणाली, "वेट. सो नोबडी लाइक्स हर?"

ती गेल्यावर आम्ही जिन्यात बसून हसलो. मग मला संताप आला. इतक्या वर्षांच्या संध्याकाळी वाया! तेवढ्या वेळात मी हार्मोनियम शिकले असते. हे म्हणाले, मी ब्रिज खेळलो असतो. म्हटलं, मग बोलायचं होतंत. म्हणाले, तू तरी बोलायचं होतंस.

 मग हे खाली बघत म्हणाले, "शिकागोत तू पहिल्यांदा हसलीस ते तिच्यामुळे. नंतर हसली नाहीस. म्हटलं, पुढची आणू, एखादीला तरी हसेल."

 माझा सगळा राग तिथेच विरघळला. एवढंच विचारलं, की मग बटण परत पंचेचाळीसवर का नाही नेलंत?

"चूक कळल्यावर पुन्हा चुकीचं कसं लावायचं?" म्हणाले.

इंजिनियर!

११ ऑक्टोबर

प्रीताची व्हॅन येऊन सगळं घेऊन गेली. रेकॉर्डी, मोठा स्टीरिओ, स्पीकर, सगळं. संग्रहाला नाव दोघांचं दिलंय. आम्ही दोघं दारात उभे राहून एकमेकांना सांगत होतो – बरं झालं. सुटलो.

शिकागोची ती जुनी, कधीची बंद पडलेली प्लेयरची पेटीसुद्धा कचऱ्यात टाका म्हटलं ह्यांना. टाकली म्हणाले.

फक्त इथे लिहिते – मी एक रेकॉर्ड चोरली. पिवळ्या झग्याची, फाटक्या कव्हराची, पहिली. परातीखाली घालून स्वयंपाकघराच्या खोक्यात दडवली. आवडत नाही असं मोठ्या तोंडाने सांगून बसल्यावर आता कुठल्या तोंडाने ठेवू म्हणू? आणि वाजवणार तरी कशावर? कळत नाही मला माझंच.

१९ ऑक्टोबर

हे दिवसभर गॅरेजमध्ये. काय करताय म्हटलं तर, "पसारा आवरतोय." बाहेर आले तेव्हा हात काळे, आणि पसारा होता तसाच!

१६ नोव्हेंबर

कॉन्डो बरा आहे. ऊन येतं. लिफ्ट आहे. शेजारच्या बाई केक घेऊन आल्या, मी त्यांना चकल्या दिल्या.

संध्याकाळचा मात्र घोटाळा झालाय. चहा होतो, आणि पुढे काही होतच नाही. हे फोनवर बातम्या वाचतात. मी विणकाम घेते आणि टाके चुकवते. काल टीव्ही लावून बघितला, दहा मिनिटांत दोघांनीही एकदमच बंद करू म्हटलं. आज तर चहा घेऊन हे आतल्या खोलीत गेले आणि मी इथेच.

मला मार्गो नको होती. अजूनही नको आहे. पण समोरच्या खुर्चीत हे हवे होते, रोज, तेवढा वेळ, न बोलता. ते तिच्यामुळे मिळत होतं, आणि मी तिला सवत म्हणत होते.

उद्या सांगावं का? काय सांगू – की चहा झाल्यावर माझ्यासमोर येऊन नुसते बसा?

१७ नोव्हेंबर

चहा झाल्यावर हे उठले आणि कोटांच्या कपाटातून ती जुनी पेटी घेऊन आले. कचऱ्यात टाकलीच नव्हती. गॅरेजमध्ये बसून दुरुस्त केली होती. टेबलावर ठेवली आणि ओशाळून म्हणाले, "चालू आहे. पण आता हिच्यावर लावायला काही नाही."

मी स्वयंपाकघरात गेले आणि परात उचलली.

सुई ह्यांनी ठेवली. बटणही ह्यांनीच सरकवलं – पंचेचाळीसवर.