उपाशी ओळ

नाना, तुमच्या ओळीतली केळी यंदाही सगळ्या मळ्यात उंच झाली आहेत आणि आम्हाला त्यांची भीती वाटते. सरळच सांगते, आडवळणाचं बोलणं तुम्हाला कधी खपलं नाही.

परदेशात जमिनीखालून पोटॅश खणून जगभर विकणारी ती मोठी कंपनी, आणि शिंदखेड्याकडे तिचं खत खपवणारे तुम्ही. तुमची रीत एकच. गिऱ्हाइकांना दाखवायला आपल्याच मळ्यात एक ओळ पोटॅशवाचून ठेवायची. शेजारच्या ओळी हिरव्यागार आणि हिच्या पानांच्या कडा जळालेल्या. "पोट भरेल झाड नी उपाशी झाड शेजारे शेजारे दखाडा," तुम्ही म्हणायचात, "मंग बोलानी गरज नही." त्या ओळीची दया येऊन मी एकदा मूठभर खत टाकलं, तेव्हा केवढे खेकसला होतात! "एक उपाशी ऱ्हास तवय बठ्ठास्नं पोट भरस!" एकानं उपाशी राहिल्यावरच सगळ्यांचं पोट भरतं, हे मला पटेना; मी दिवसभर तुमच्याशी बोलले नाही, आणि तुमच्या ते लक्षातही आलं नाही.

चुलीच्या वर कंपनीचं कॅलेंडर असायचं. त्यावर खाणीचा फोटो, लाल मिठाचा बोगदा आणि त्यात मुंगीएवढा दिसणारा माणूस. तुम्ही भाकरी मोडता मोडता त्याच्याकडे बघत बसायचात, कालवण गार व्हायचं, माय चिडायची. एकदा कंपनीचे साहेब जेवायला आले असताना तुम्ही विचारलंत, "जठून काढतस, तठे मांगे काय ऱ्हास?" साहेब हसून म्हणाले, "काही नाही, पोकळी." तुम्ही हसला नाहीत. हात धुऊन उठलात आणि परसात जाऊन उभे राहिलात. ताटात अर्धी भाकरी तशीच होती.

तुम्ही गेल्यावर राख नदीत सोडायची नाही, आपल्या रानात टाकायची, असं भाऊनं ठरवलं. हल्ली बरेच जण तसं करतात. कुठं टाकायची, यावर माय म्हणाली, "जनमभर खतमा ऱ्हायना तो. आते तरी त्यान्हा आंगवर खत नको." मळ्यात खत न पडणारी जागा एकच होती. त्या उपाशी ओळीत आम्ही तुम्हाला ठेवलं. कुणाच्या मनात दुसरा विचार आला नाही.

पहिल्या वर्षी ती ओळ हिरवी झाली तेव्हा माय कौतुकानं रडली. राखेत पोटॅश असतं, ते एका हंगामात संपतं, हे मलाही ठाऊक आहे. मी आता त्याच कंपनीच्या धुळ्याच्या ऑफिसात आहे. पण ते संपलं नाही. जुनी केळी काढून नवी लावली तरी तुमची ओळ तशीच, खोड माझ्या कवेत मावत नाही. आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या ओळी, ज्यांना आम्ही वेळच्या वेळी खत देतो, त्यांच्या कडा जळू लागल्या. मग त्यांच्या पलीकडच्या. यंदा निम्मा मळा करपलाय, नाना. भाऊचं सगळं घर त्या मळ्यावर चालतं.

नवे साहेब येऊन बघून गेले. "मॅडम, जेसीबीनं ही ओळ खणू आणि माती बाहेर टाकू," म्हणाले. भाऊ तयार आहे. माय मात्र आडवी आली. "जनमभर सगळास्ना मांगून जेवना तो. खाऊ द्या त्याले. पोट भरनं म्हंजे थांबी जाई." तुम्ही कायम सगळ्यांच्या शेवटी जेवायला बसायचात, ते तिच्या मनात राहिलंय. भाऊ म्हणाला, तू काय ते ठरव, कंपनीची तू आहेस. उद्या सकाळी जेसीबी येणार होता.

आज भरदुपारी, वारा पडलेला असताना, मी एकटीच मळ्यात गेले. शेजारच्या पानांची सळसळ नव्हती, तुमच्या ओळीतली पानं मात्र हलत होती. लाल पोटॅशचं एक अख्खं पोतं मी तुमच्या ओळीत ओतलं. एवढं एका दमात विरघळत नाही, पाणी दिलं तरी मातीवर लालसर थर कित्येक दिवस राहतो. मी बांधावर बसून पाणी प्यायले आणि मागं वळून पाहिलं. माती स्वच्छ होती. एक दाणासुद्धा नव्हता. मी बांधावरून उठून चार पावलं मागं सरले आणि त्याच वेळी, खरं सांगते, पोटातून माया आली. तुम्हाला एवढं जेवताना मी कधी पाहिलं नव्हतं.

साहेबांना फोन करून जेसीबी नको म्हणून सांगितलंय. भाऊ माझ्याशी बोलत नाही. त्याचं चूक नाही, त्याची मुलं आहेत. हे पत्र तुमच्या ओळीत पुरावं असं आधी वाटलं होतं, पण नको. कागदही खाल तुम्ही.

उद्या दुसरं पोतं नेणार आहे. मायला सांगितलेलं नाही; तुमच्या अंगावर खत नको म्हणालेली ती.