खजिना शोधता शोधता रुखसारच्या घरी

भांगरवाडी, लोणावळा
रविवार

तीर्थस्वरूप हमीदभाईंना धाकट्या बहिणीचा, मुमताजचा सलाम.

तुमचा गुडघा कसा आहे? भाभी म्हणतात, तेल लावू देत नाहीत आणि कण्हणं थांबवत नाहीत. माझी तब्येत ठणठणीत आहे. फक्त राग आलाय, आणि तो कुणावर काढावा हे ठरेना म्हणून तुम्हाला लिहायला बसले. (फोनच केला असता, पण फोनवर तुम्ही मध्ये बोलता.)

काल आपल्या गावात ‘वारसा खजिना शोध’ नावाचा प्रकार झाला. जुन्या इमारती शोधत पायी हिंडायचं, प्रत्येक ठिकाणच्या प्रश्नाचं उत्तर कागदावर लिहायचं, ज्यांचा कागद आधी भरेल त्यांना खजिना. जन्म ज्या गावात गेला तिथल्याच इमारती शोधायला मी नाव दिलं, त्याला कारण माझी शेजारीण अनसूया. शाळेत एका बाकावर बसलेली बाई, तिला नाही म्हणता येत नाही. हे सगळं घडवून आणणारा यशोधन म्हणून पुण्याचा एक तरुण. डोक्यावर शिकाऱ्याची टोपी, जणू गवळीवाड्यात वाघ निघणार आहे. मला म्हणतो, ‘आजी, झेपेल ना?’ मी त्याच्या प्रश्नपत्रिकेतलं इंग्रजी तेवढं उभ्या उभ्या लाल पेनने दुरुस्त करून परत दिलं. (आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर असत्या तर त्यांनी त्याला बाकावर उभा केला असता, टोपीसकट.)

हा खेळ आपल्या लोकांनी आपल्याच गावात खेळू नये, हे मला पहिल्या इमारतीपाशीच कळलं. बाजारामागचा तो पारशी बंगला. पुण्यामुंबईची पोरं आली, फोटो काढले, पळाली. आम्हाला पळता येईना. तिथला रखवालदार नथू हा अनसूयाच्या माहेरचा, कार्ल्याचा. ‘मावशी, दारात यून तशाच चालला व्हय? च्या टाकलाय न्हवं.’ आता टाकलेला चहा सोडून कसं जायचं? चहाबरोबर त्याच्या सुनेचं बाळंतपण आलं, भाताची लावणी आली. पुढे जुन्या दवाखान्यात डॉक्टरांच्या बाईंनी पोहे केले, आणि निघताना चिक्कीचा डबा हातात ठेवला, कारण ओळखीच्या बायकांना रिकाम्या हाताने पाठवत नाहीत.

तिसरं ठिकाण होतं गवळीवाड्यात रुखसारचं घर. हो, तीच रुखसार. जिची मुलगी नूर तुमच्या फिरोजला सांगून आली आहे, आणि जिला तुम्ही गेल्या रमजानपासून हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. या प्रकरणात नाक खुपसू नकोस, असं तुम्ही मला बजावलं होतं. हमीदभाई, मी फक्त कागद आणि पेन घेऊन गेले होते.

प्रश्न होता, हे घर कोणत्या साली बांधलं. असं साल तुळईवर कोरलेलं असतं, म्हणून मी माजघराची तुळई पाहिली, मग स्वयंपाकघराची, मग मागच्या खोल्यांची. वर बघताना हातातला डबा सांभाळेना, म्हणून तो रुखसारच्या हाती दिला. यात काय चुकलं? पण मुलाची आत्या दारात, सोबत पोक्त बाई, मिठाईचा डबा मुलीच्या आईच्या हातात, आणि घराची आढ्यापासून चुलीपर्यंत पाहणी. आपल्यात याचा अर्थ काय घेतात हे तुम्हाला सांगायला नको. रुखसारने पदर डोक्यावर ओढला, तिचे डोळे भरून आले. ‘आपा, आधी कळवायचं तरी. काही गोडधोड केलं असतं.’ मी तोंड उघडलं ते खुलासा करायला. तिने त्यात साखर घातली.

तोंडात साखर असताना माणसाने नाही कसं म्हणावं? (माझी शुगर किती वाढली असेल याचा विचार कुणी केला नाही.) निदान अनसूया सांगेल म्हणून तिच्याकडे पाहिलं, तर ती रुखसारला विचारत होती, ‘मग तारीख कधीची धरताय?’ तोवर आळी गोळा झाली. तेवढ्यात नूर कंपनीतून आली, हेल्मेट काखेत. सगळा प्रकार पाहून मला हळूच म्हणते, ‘फुफी, फिरोज तर म्हणाला, अब्बा अजून उंचीच मोजतायत.’ म्हणजे यांचं बोलणं चालू असतं. हे मी तुमच्या कानावर घातलं, माझं कर्तव्य संपलं.

स्पर्धेत आम्ही शेवटच्या आलो. यशोधन म्हणाला, ‘आजी, हरवला होतात का?’ खजिना म्हणजे एक कापडी पिशवी निघाली. ती त्यालाच लखलाभ होवो.

तुमचे आक्षेप मला पाठ आहेत. मुलगी फिरोजपेक्षा उंच आहे. असू दे, पंखे पुसायला स्टूल लागणार नाही. घर जुनाट आहे. तर ऐका, ते घर आता नकाशावर आहे, पुण्याहून माणसं त्याचे फोटो काढायला येतात. तुमच्या तळेगावच्या सोसायटीसमोर उभं राहून आजवर कुणी फोटो काढलाय?

असो. जे झालं ते खेळाच्या नादात झालं, माझा त्यात काडीचा दोष नाही, हे भाभींनाही समजावून सांगा. त्यांना सलाम, फिरोजला दुवा.

तुमची
मुमताज

ता. क. तुम्हाला अजूनही नाही म्हणायचं असेल तर रुखसारकडे जाऊन चिक्की परत मागा. ती आळीत वाटून संपली आहे. त्यापेक्षा येत्या रविवारी भाभींना आणि फिरोजला घेऊन सकाळच्या गाडीने या. मी जेवणाचं सांगून ठेवलंय.

आणखी एक. घराचं साल फाटकाच्या खांबावर चांगलं ठळक कोरलेलं आहे. ते कागदावर नीट उतरवून घेतलं, मगच मी कडी वाजवली.